रेषेबाहेरचा माणूस

पुढचा रस्ता मंजूर झाला नाही आणि त्या वर्षी खडीला गिऱ्हाईकच उरलं नाही. खाणीतून दिवसाला सोळा गाड्या भरून जायच्या, त्या सातवर आल्या, मग चारवर. त्या खाणीवर दोन वस्त्या जगत होत्या, वरची आणि खालची. आम्ही खालचे. प्रत्येक वस्तीची एक टोळी होती आणि दोन्ही टोळ्या एकाच कड्याच्या दोन बाजू फोडायच्या.

एका सकाळी ठेकेदाराने सगळ्यांना वजनकाट्यापाशी बोलावलं. मी आईचा डबा घेऊन गेले होते, म्हणून मला ते आठवतं. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"पावसापर्यंत एकच टोळी ठेवता येईल. कोणती, ते तुम्ही ठरवा."

कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. कुणी म्हणालं, जुन्या माणसांना ठेवा. आवाज चढायला लागले तसा ठेकेदार हसला. "दरवर्षी फुटबॉल खेळून एकमेकांची नडगी फोडता ना? मग यंदा खेळूनच ठरवा. जिंकेल त्या टोळीला काम. बरोबरी झाली तर तीन-तीन दिवस वाटून घ्या."

तो चेष्टेत बोलला होता. पण माणसांनी ते खरं धरलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. परत येताना काका म्हणाला, "चिठ्ठीत काय, आपण नुसतं बघत बसायचं. इथं निदान पाय तरी आपले आहेत."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आमच्याच घरात राहायचा. अंगाने वेताच्या काठीसारखा, पण चेंडू पायात आला की त्याला धरणारा दोन्ही वस्त्यांत नव्हता. बाबाही तरुणपणी खेळायचे म्हणे. मी पाहिलं ते त्यांचं लंगडणंच. सुरुंगाचा एक दगड डाव्या पावलावर आला, तेव्हापासून ते कड्यावर चढत नव्हते. खाणीच्या तोंडाशी भाता आणि ऐरण मांडून बसायचे, आमच्या टोळीच्या छिन्न्या आणि पहारी तापवून टोकं काढून द्यायचे. आई खाली खडी फोडायची.

तो दगड पायावर का आला, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. सुरुंग लावण्याआधी मुकादम चुन्याची रेष मारतो. माणसं एकेक करून रेष ओलांडतात आणि मुकादम मोठ्याने मोजतो. रेषेबाहेर गेला तो सुटला. त्याला पुन्हा मोजायचं नाही, आत कोण राहिलं तेवढंच बघायचं. त्या दिवशी मुकादमाने बाहेर उभ्या असलेल्या एकाला दोनदा मोजलं. आकडा जुळला आणि बाबा आतच राहिले. तेव्हापासून बाबा प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे, "रेषेबाहेरचा मोजायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

सामन्यात बाबांकडे निशाण असायचं. पंच म्हणजे शाळेचे मास्तर, आणि दोन्ही कडांना दोन निशाणवाले, प्रत्येक वस्तीचा एक. पूर्वी कधीतरी वरच्या माणसाने खालच्यांविरुद्ध निशाण उचललं आणि तिघांच्या डोक्याला टाके पडले. मग असं ठरलं, की खालच्यांच्या चढाईवर खालच्याच निशाणवाल्याने नजर ठेवायची, वरच्यांच्यावर वरच्याने. आपल्याच माणसाने आपल्याविरुद्ध निशाण उचललं की बोलायला जागा राहत नाही. ही पद्धत आणखी कुठे होती की नाही, मला ठाऊक नाही. आमच्याकडे होती, आणि बाबांना तिचा अभिमान होता.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा काठीला निशाण शिवत होते. फाटक्या चादरीचा लाल तुकडा होता. काका समोर येऊन बसला. बाबांनी सुई बाजूला ठेवली आणि कोळशाने जमिनीवर रेघ ओढली.

"ही त्यांच्या गोलची रेष. ही छिन्नी म्हणजे त्यांचा गोलकीपर, ही दुसरी म्हणजे बॅक. आणि हा तू." काकासाठी त्यांनी डब्यातून एक खिळा काढला.

"मी खिळा?"

"वाकडाच घेतलाय, शोभतोय," आई चुलीपासून म्हणाली.

"मागून तुला चेंडू मारला, त्या क्षणाला तुझ्या पुढे त्यांचे दोन हवेत. गोलकीपर धरून दोन. एकच असला तर ऑफसाइड. चेंडू तुझ्यापर्यंत आला तेव्हाचं नाही, मारला तेव्हाचं बघायचं."

"एवढं मला कळतं, दादा. मी ते विचारायला नाही बसलो."

"मग?"

काका खिळा बोटांत फिरवत राहिला. "उद्या एखादं पाऊल इकडचं तिकडे झालं तर..."

"दिसलं तर उचलीन."

"आणि नाही दिसलं तर?"

"न दिसलेलं कसं उचलीन?"

"मग जरा कमी दिसू दे की. वय झालं म्हण तुझं."

आई हसली. बाबा हसले नाहीत. "वरचे लोक माझ्या निशाणापुढे गप्प बसतात, ते काय माझ्या या पायाला भिऊन?"

मी तिथेच पालथी पडून खेळ बघत होते. मी दुसरी छिन्नी बोटाने ढकलली, ती कोळशाच्या रेघेपलीकडे गेली. "आणि बॅक बाहेर गेला तर?"

"रेषेबाहेरचा मोजायचा नाही," बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

मैदान म्हणजे जुन्या खाणीचा तळ. फोडून संपलेली, सपाट झालेली जागा. पडलं की गुडघा सोलून निघायचा. बाबांनी पहाटेच चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, दोरी लावून, एकदम सरळ. ठेकेदार छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. आई बायकांबरोबर ढिगाऱ्यावर बसली होती. मला पाण्याची बरणी देऊन गोलच्या मागे बसवलं होतं, चेंडू बाहेर आला की आणून द्यायला.

वरच्यांनी पहिल्या अर्ध्यातच गोल केला. आमच्या गोलकीपरच्या छातीवरून चेंडू उडाला आणि त्यांच्या कुणाच्या तरी मांडीला लागून आत गेला. त्यानंतर आमची माणसं नुसती धावत होती. दुपार तापत गेली. पायांखालची भुकटी उडून सगळ्यांचे चेहरे सारखेच पांढरे झाले. मध्यांतरानंतर मी बसले होते तो गोल वरच्यांचा झाला. आता बाबा माझ्या डाव्या हाताला, कडेच्या रेषेवर होते. पाय ओढत चढाईबरोबर पुढे-मागे करत होते.

शेवटची काही मिनिटं उरली होती. आमच्या उजव्या कडेने चेंडू आला. वरच्यांचा बॅक, ज्याला सगळे लांबड्या म्हणायचे, त्याने अंग झोकून तो पायाने दूर लोटला. पण घसरत घसरत तो स्वतः गोलच्या रेषेपलीकडे आला आणि थेट माझ्या पायाशी येऊन पडला. गुडघ्याची वाटी उघडी पडल्यासारखी दिसत होती.

"पोरी, पाणी," तो म्हणाला.

मी बरणी त्याच्या तोंडाला लावली. तेवढ्यात त्याने लोटलेला चेंडू आमच्याच एकाच्या पायात गेला, त्याने तो तसाच उंच पुढे मारला, आणि काका गोलकीपरसमोर एकटा होता. त्याने चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि शांतपणे कोपऱ्यात सरकवला. चेंडू माझ्या गुडघ्याला लागून थांबला.

ढिगाऱ्यावरून जो आवाज उठला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. बरोबरी झाली होती. तीन-तीन दिवस. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. काका दोन्ही हात पसरून बाबांकडेच धावत निघाला होता. अर्ध्या वाटेत तो थांबला.

बाबांचं निशाण वर होतं.

"दादा," काका म्हणाला. "हात खाली घे."

बाबांनी घेतला नाही.

मास्तर शिट्टी हातात घेऊन धावत आले. "कोण ऑफसाइड?"

"माझा भाऊ."

"बॅक होता की त्यांचा."

"बॅक रेषेबाहेर आहे. आत गोलकीपर एकटाच होता. बाहेरचा मोजायचा नाही."

मास्तरांनी लांबड्याकडे पाहिलं. लांबड्याने डोळे मिटून घेतले. मास्तरांना फुटबॉलचे नियम कुणी तरी तोंडी सांगितले होते, तेवढेच माहीत होते. त्यांनी शिट्टी वाजवली. वरच्या वस्तीतलंही कुणी ओरडलं नाही. ठेकेदाराने छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी वरची टोळी कामावर गेली. सुरुंगाचे आवाज आम्ही घरात बसून ऐकले. त्यांच्याकडे त्यांचा भातेवाला होता, म्हणून बाबाही घरीच. काका चौदा दिवस घरात राहिला. जेवायला बाहेर ओट्यावर बसायचा. आई ताट नेऊन ठेवायची, तो रिकामं करून तसंच ठेवायचा. पंधराव्या दिवशी सकाळी तो आईला म्हणाला, "वहिनी, येतो." बाबा आतच होते. खेळायचे बूट त्याने खिळ्याला टांगलेले तसेच सोडले. तो दूरच्या एका खाणीवर गेल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं.

आई पिठाच्या गिरणीत पोती झटकायला जाऊ लागली. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी होऊन यायची आणि रात्रभर खोकायची. बाबा खांद्यावर भाता घेऊन आसपासच्या गावांत विळे, कुदळी, कुऱ्हाडी शेवटायला, म्हणजे तापवून धार काढून द्यायला, फिरायचे. शाळा नसेल तेव्हा मी भाता ओढायला बरोबर. ऐरण एका पिशवीत, ती मी आणि बाबा दोन बाजूंनी धरून न्यायचो. लोखंडाने बोटं वाकडी होत, पण बाबा म्हणायचे, अजून शंभर पावलं, आणि मोजायला लागायचे. आमच्या वस्तीतली माणसं मात्र आपली अवजारं वरच्या भातेवाल्याकडे चढण चढून नेत, आमच्या दारावरून.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. हापशाभोवती दगडांचं एक वर्तुळ होतं, त्याच्या आत भांड्यांची रांग लागायची. आमचं भांडं रांगेत ठेवून आई जरा बाजूला झाली, की कुणी तरी ते उचलून दगडाबाहेर ठेवायचं.

"माझा नंबर होता," आई म्हणायची.

"असेल गं," पूर्वी खडीवर आईच्या शेजारी बसणारी मावशी म्हणायची. "पण रेषेबाहेरचं मोजत नाहीत ना. तुझ्याच घरातला नियम."

बायका हसायच्या. आई भांडं उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची. शाळेत पोरं मला बघून एक हात वर करून उभी राहायची.

घरी बाबा एवढंच म्हणायचे, "बरोबर होतो मी. ते तर कुणी काढून घेऊ शकत नाही." उकडलेल्या बटाट्याचं साल काढता काढता म्हणायचे. पोतं अंथरता अंथरता म्हणायचे. आई कधी 'हो' म्हणायची, कधी नुसती खोकायची. निशाण दाराच्या आत काठीसकट उभं होतं. त्या चार महिन्यांत आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट ताठ होती.

आभाळ भरून यायला लागलं होतं, पाऊस अजून नव्हता, तेव्हा एका दुपारी मास्तर आले. बाबा दारात भाता सांधत बसले होते. मास्तर बसले नाहीत. त्यांनी काखेतून एक पातळ पुस्तक काढलं.

"नियमांचं आहे. मागवलं होतं, आता आलं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "वाचा."

मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचलं. बचाव करणाऱ्या संघाचा खेळाडू कोणत्याही कारणाने मैदानाबाहेर गेला, तरी ऑफसाइड ठरवताना तो आपल्या गोलरेषेवरच आहे असं धरावं.

बाबांनी हातातली सुई चामड्यात तशीच राहू दिली. "पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं, या वेळी हळू.

"म्हणजे लांबड्या धरायचा."

"धरायचा. नाहीतर कुणीही मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहील आणि समोरच्याला अडकवेल. त्यासाठी केलाय नियम."

"म्हणजे दोन होते."

"दोन होते. गोल होता." मास्तरांनी पुस्तक मिटलं. "शिट्टी मी वाजवली. चूक माझीही आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही, आधी तुमच्याकडे आलो. आता पाऊसही आलाच. कशाला उकरायचं?"

मास्तर गेल्यावर आई दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. "नका सांगू," ती म्हणाली. "आता निदान लोक म्हणतात, हेकट आहे पण खरा आहे. तेवढंच उरलंय. तेही देऊन टाकायचं?"

बाबांनी चामड्यात अडकलेली सुई ओढून काढली. मग माझ्याकडे वळले. "तो कुठे पडला होता गं?"

"माझ्या पायाशी. मी पाणी पाजलं त्याला."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी हापशावर गर्दी झाली, तेव्हा ते तिथे गेले. आई मागे, आईच्या मागे मी. बाबा दगडांच्या वर्तुळाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "तो गोल होता. मास्तरांकडे पुस्तक आलंय. बाहेर पडलेला बॅक मोजायचा असतो. मी मोजला नाही."

हापशाचा दांडा वर राहिला. पाणी गळून थांबलं.

"मग आता काय," एक म्हातारा म्हणाला, "परत खेळायचं?"

कुणी हसलं नाही. मावशीने पुढे येऊन आईच्या हातातलं भांडं घेतलं आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे ठेवलं. आई तिथेच रडायला लागली. चार महिने भांडं बाहेर ठेवलं, तेव्हा रडली नव्हती.

पुढच्या रविवारी बाबा मला घेऊन काकाकडे गेले. काकाचे बूट पिशवीत घेतले. आईने ते तेल लावून मऊ ठेवले होते. गाडी जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत गाडीने, पुढे पायी. ती खाण आमच्या खाणीच्या दसपट मोठी होती. आम्ही पोचलो तेव्हा भोंगा वाजत होता आणि माणसं चुन्याची रेष ओलांडून बाहेर येत होती. मुकादम मोजत होता. सत्तेचाळिसावर काका बाहेर आला. आधी मला तो ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली.

आम्ही तिघं एका पत्र्याच्या आडोशाला उभे राहिलो. सुरुंग उडाले. जमीन हलली, धूळ बसली. मग बाबा म्हणाले, "तुझा गोल होता."

काका बोटांवरची चिंधी घट्ट करत राहिला. बाबांनीच सगळं सांगितलं, पुस्तक, नियम, हापसा. बोलताना त्यांचा हात पुन्हा पुन्हा वर जात होता आणि ते तो खाली घेत होते.

"एवढं सांगायला चालत आलास? या पायाने?"

"घरी चल. पाऊस पडला की पुढे काहीतरी बघू."

"इथं काम आहे, दादा."

बाबांनी पिशवीतून बूट काढले. काकाने इकडे-तिकडे पाहिलं आणि ते पटकन पिशवीत परत घातले. "इथं कुणाला माहीत नाही मी खेळायचो ते. राहू दे." मग त्याने माझ्या डोक्यावर चिंधीचा हात ठेवला. "वहिनीचा खोकला कसा आहे?"

भोंगा पुन्हा वाजला. तो आत गेला.

परतताना गाडीतून उतरलो तेव्हा दिवस कलला होता. बाबांनी घरची वाट सोडली आणि जुन्या खाणीच्या तळाकडे उतरले. मैदानात कुणी नव्हतं. चुन्याच्या रेषा वाऱ्याने पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. बाबांनी मला गोलच्या मागे नेलं.

"कुठे पडला होता?"

मी दाखवलं.

"तिथं आडवी पड."

मी पडले. दगड अजून तापलेला होता. बाबा पाय ओढत कडेच्या रेषेवर गेले, त्या दिवशी उभे होते त्या जागी, आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ उभे होते. माझ्या पाठीला खडे टोचायला लागले.

"बाबा," मी ओरडले, "दिसतेय का मी?"

"दिसतेस," ते म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याशी नाहीच जणू, म्हणाले, "तेव्हा लांबड्याही असाच दिसत होता."

आभाळातून दोन-चार थेंब पडले. बाबा हलले नाहीत. मला ऊठ म्हणायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही, आणि मीही तशीच पडून राहिले.